शोमरोनात मोह नसतो

शांतवन मास्तरांनी रविवारच्या शाळेत
गोष्ट लिहायला दिली.
ती अरामी सेनापतीच्या घरातली मुलगी,
लुटीत धरून नेलेली,
बाईसाहेबांच्या हाताखाली राबणारी.
जाड काळ्या पुस्तकात तिच्या वाट्याला
मोजून दोन ओळी.
नाव नाही. वय नाही. लहान, एवढंच.
पुढे ती घरी परतली का,
तेही नाही.

मी तिचं नाव ठेवलं तिर्सा.
लिहिलं: घोडे आले तेव्हा तिर्सा
पहाटेची मोहफुलं वेचत होती,
टोपली अर्धी भरली होती.
मास्तरांनी मोहावर लाल रेघ मारली.
"शोमरोनात मोह नसतो, सगुणा."
मग काय असतं?
"जैतून."
जैतुनाला वास कसा येतो,
त्याच्याखाली अस्वलं येतात का,
हे मास्तरांनाही सांगता आलं नाही.

पण माझी लेखणी अडली ती जैतुनापाशी नाही.
सेनापतीच्या अंगावर चट्टे उठले
आणि तिर्सा, केस विंचरता विंचरता, म्हणाली,
आमच्या मुलखात एकजण आहे,
तो बरं करील यांना.

का म्हणाली?
तिचं घर जाळणाऱ्याला?
मी असते तर गप्प राहिले असते.
गुंता ओढून ओढून
केस विंचरत राहिले असते.

हेच लिहायला बसले होते शुक्रवारी रात्री,
कुंपणाबाहेरच्या पोरींच्या खोलीत.
कुंपणाच्या आत माझी माय असते, चार वर्षं झाली.
आठवड्यातून एकदा तारेपाशी भेट,
हात न लावता.

फाटक वाजलं.
घोंगडी डोक्यावरून, एक कान झाकलेला.
"पोरी, डाक्तरचा बंगला कोनता वो?"
चेहऱ्याआधी आवाज ओळखला मी.
चावडीवर हाच म्हणाला होता,
"इले गावाबाहीर काढा. हिरीले शिवू देऊ नका."
उकंडराव पाटील.

वाटा दोन.
डावी नाल्यात उतरते,
तिथे आसरा राहतात म्हणतात,
रात्री कुणी पाय टाकत नाही.
उजवी बंगल्याची.
कंदिलाची काच पुसायला मी फार वेळ लावला.
काच स्वच्छच होती.

त्याने मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं.
घोंगडी जराशी सरकली.
कानाची पाळी सुजलेली, तांबूस,
मायची होती सुरुवातीला,
अगदी तशी.

"चाला," मी म्हटलं. "इकडून.
दगड हाय, पाय उचला."
वाटेत तो एकदाच बोलला,
"दुखते का वो, सुई?"
"दुखते."
खोटं कशाला सांगू.

गोष्टीतला सेनापती नदीत सात बुड्या मारतो
आणि लेकरासारखी कातडी घेऊन वर येतो.
आमच्या सापन नदीला हे जमत नाही.
इथे कडूकवठीचं तेल, दर बुधवारी,
सत्तर वेळा, शंभर वेळा,
आणि तरी डॉक्टर लगेच हो म्हणत नाहीत.

वहीत मी शेवटी लिहिलं:
तिर्सा बोलली,
कारण बाईसाहेबांच्या मागे उभी असताना
तिला सेनापतीचा कान दिसला.

मास्तरांनी वाचलं. दोनदा.
लाल पेन्सिल कानावर अडकवली,
काही म्हणाले नाहीत.
जाता जाता मोह मात्र
पुन्हा खोडला.

बुधवारी ओसरीवर सुईची रांग होती.
मी तारेतून पाहिलं:
बाक एकच, माणसांनी भरलेलं.
टोकाला माय.
तिच्यापुढे उकंडराव उभा,
फेटा काखेत, नजर जमिनीवर.
सगळे जण दुसरीकडे बघत होते.

मायनं मान वर केली,
बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं,
लुगडं सावरलं,
आणि सरकली
वीतभर.